आत्याच्या हक्काचं नाव

सोलापुरात मे महिन्यात ऊन असं पडतं की आमच्या वाचनालयातल्या कादंबऱ्यांची शाई पातळ होते आणि वाचणाऱ्याच्या अंगठ्याला चिकटून नायिका त्याच्या घरी जाते. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. त्या वाचनालयाच्या काउंटरवर मी सत्तावीस वर्षं बसले आहे. आमच्या भागातली निम्मी पोरं त्या काउंटरवरून स्वतःचं नाव घेऊन गेली आहेत. निम्मी म्हणजे, मोजायला बसलं तर चाळीसेक भरतील. पण मोजायला कशाला बसायचं?

सुरुवात एका पोटुश्या बाईपासून झाली. जाडजूड कादंबरी परत करायला आली होती. म्हणाली, "ताई, ह्यातली धाकटी सून लई आवडली बघा. मुलगी झाली तर तिचंच नाव ठेवणार."

मी विचारलं, "शेवटपर्यंत वाचलंस का?"

"न्हाई, निम्म्यातच झोप लागती."

"मग ऐक. ती धाकटी सून शेवटून तिसऱ्या प्रकरणात विहिरीत उडी टाकते."

बाई पांढरीफटक पडली. तिला पाणी दिलं, आणि दुसऱ्या एका पुस्तकातून, म्हातारपणी नातवंडांत बसून शेंगा फोडणाऱ्या एका बाईचं नाव काढून दिलं. तेव्हापासून माझा नियम ठरला. पुस्तकातल्या माणसाचं शेवटी काय होतं ते बघितल्याशिवाय त्याचं नाव लेकराला द्यायचं नाही. जुन्या रद्द झालेल्या कार्डांच्या पाठीवर मी नावं लिहून ठेवायला लागले. पुढे शेरा: "करारी, पण सासूला छळते." "देखणा, कामाचा नाही." "चांगली आहे, पण क्षयाने जाते, देऊ नये."

मग काय, बोभाटा झाला. दवाखान्यातून रिक्षा आधी माझ्या दाराशी आणि मग घरी, असं व्हायला लागलं. एका बाईच्या पोटातल्या जुळ्यांनी माझी दोन नावं लाथा मारून नापसंत केली, तिसऱ्याला मात्र दोघंही गप्प झाले. घरात तेलुगू बोलणारे एक आजोबा आले, म्हणाले, नातवाला असं नाव द्या जे घरात आजीच्या जिभेवर बसेल आणि शाळेत मास्तरांच्याही. अडीच महिने लागले. मिळालं तेव्हा आजोबा काउंटरवर डोकं ठेवून रडले. ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे. त्यामुळेच ती माझ्या तोंडून कुणाला पटत नाही.

आता ज्या नावासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. म्हणजे गोष्ट सांगते, नाव नाही.

माझा धाकटा भाऊ. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा नाही. भावजय मैंदर्गीची. माहेरी कानडी, सासरी मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम. दोनदा दिवस राहिले होते, दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात गेले. म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. पाच महिने झाल्यावर भाऊ दुपारी वाचनालयात आला, घाम पुसत काउंटरशी उभा राहिला.

"अक्का, एक नाव बघायचंय."

"कुणासाठी?"

"तुला आत्या व्हायचंय म्हणून."

'शांतता राखा' अशी पाटी माझ्याच डोक्यावर होती. तिच्याखाली मी अशी आरोळी ठोकली की पेपर वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचे पेपर हातातून सुटले. त्यातले एक अजून सांगतात की त्या दिवशी त्यांची कवळी जी उडाली ती संदर्भग्रंथांच्या कपाटामागे आहे.

बाळाचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. बाराव्या दिवशी बारसं. आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. मागून बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तोवर नाव कुणाला कळू द्यायचं नाही, आधी कळलं तर बाळाला दृष्ट लागते. घरोघरी असंच चालतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आत्यांना नावं पुरवली होती आणि त्या धपाटे खाऊन आल्या होत्या. माझी पाठ कोरडीच होती.

मग मी शोधायला लागले. कार्डांवरचं एकही नाव नको होतं, ती सगळी उष्टी. काउंटर बंद झाला की कपाटाशी स्टूल टाकून बसायचे. धूळ इतकी खाल्ली की आठवडाभर भाकरीची गरज पडली नाही. मुलगीच होणार असं धरून चालले होते, आणि नायिका सगळ्या आधीच बाद केल्या. नायिकांना फार सोसावं लागतं. शेवटी एका मागे पडलेल्या कादंबरीत ती सापडली. सबंध पुस्तकात दीड पान. बाजारातून येते, नायकाच्या बायकोशी दारात दोन शब्द बोलते, कशावर तरी खळखळून हसते आणि निघून जाते. पुढे तिचं काही होत नाही. तिला ना दुःख, ना शेवट. नाव तीन अक्षरी. मोठ्यानं म्हणून बघितलं, तर तोंड आपोआप हसल्यासारखं होत होतं. मी ते पुस्तक कपाटातून काढून माझ्या खणात ठेवलं, कुलूप घातलं.

आणि बारशाचा बेत आखला. साधासुधा नाही. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत पाळणा, नावं घेऊन गेलेली सगळी पोरं आईबापांसकट हजर, आणि मी मधोमध उभी राहून ते दीड पान मोठ्यानं वाचणार. हसण्यापर्यंत आले की वाकून कानात नाव सांगणार. सगळ्यांच्या तोंडून 'अरे वा' निघणार. ते 'अरे वा' मी स्वयंपाक करताना ऐकत होते.

बाळ आठ आठवडे आधी आलं. मुलगी. सव्वा किलो.

दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. माझ्या अंगठ्याएवढा पाय, त्यावर पट्टी. पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे भावजयीचं नाव. फाइलीवर तेच, पेटीवर तेच. पेटीला बाजूनं दोन गोल भोकं, त्यातून आईनं हात घालायचा. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "आईनं बोलत ऱ्हायचं. आवाज वळखतंय लेकरू."

चौथ्या दिवशी भाऊ मला व्हरांड्यात म्हणाला, "अक्का, नाव काय ठरवलंस? मला तरी सांग."

मी त्याला एका नदीचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. मग मी हसले. "खोटं रे. बारशाला कळेल." पाचव्या दिवशी मिठाईचं नाव सांगितलं. सहाव्या दिवशी ट्रकच्या मागे लिहितात तसलं काहीतरी. तो हसायचा. अकरा वर्षांनी बाप झालेला, चार रात्री न झोपलेला माणूस माझ्या पाचकळपणाला हसायचा, आणि मला वाटायचं, बघा, मी याला कसा धीर देते आहे.

भावजय हसली नाही. ती पेटीपाशी स्टुलावर बसलेली, मनगटापर्यंत हात आत.

"वन्सं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव सांगा की. हितं सगळी बेबी ऑफच हायत. शेजारची बेबी ऑफ, पल्याडची बेबी ऑफ. हाक मारायची तर काय म्हणून मारू?"

"अगं, आणखी सहा दिवस. बाराव्या दिवशी पाळण्यात सांगते ना. आधी सांगितलं तर दृष्ट लागेल."

"काच हाय मधी. दृष्ट कुटनं येतीय?"

"चिमणी म्हण तोवर."

"चिमणी तर सगळ्याच हायत." मग पायावरची पट्टी सारखी करत, "मी कुणाला सांगत न्हाई. तिला आणि मला, बास."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तीन अक्षरं. मी म्हणाले, "इतकी घाई बरी नव्हे गं. रीत असते काही."

रीत. दृष्ट. मी आयुष्यात दृष्ट काढलेली नाही, माझा विश्वास नाही. माझ्या कानात ते 'अरे वा' होतं. ते फुकट जाऊ नये म्हणून मी रीतीच्या पदराआड लपले. इथं मी काहीही वाढवून सांगत नाहीये. वाढवायला जागाच नाही.

नवव्या दिवशी दुपारी अडीच वाजता वाचनालयाचा फोन वाजला. भाऊ होता. म्हणाला, "अक्का, ये." मला कळलं. तरी मी खणाचं कुलूप काढलं, पुस्तक पिशवीत घातलं आणि रिक्षात बसले. का, ते विचारू नका. वाटेत मनात घोकत होते, पोचले की आधी नाव सांगायचं. जणू हजेरी घेतली की पोर 'हजर' म्हणणार होती.

पेटी रिकामी होती. तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून भावजयीच्या मांडीवर दिलं होतं. पहिल्यांदाच मधे काच नव्हती. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा.

मी खाली बसले, म्हणाले, "नाव सांगते गं. खरं नाव. माझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून होतं."

भाऊ वळला. "आता नको ना अक्का," तो म्हणाला. "आता गंमत नको."

त्याला वाटलं, मी पुन्हा काहीतरी बनवून सांगणार आहे. त्याचा काय दोष? मी पिशवीतून पुस्तक काढायला लागले. पुरावा म्हणून. तर भावजयीनं माझ्या हातावर हात ठेवला. तो हात नऊ दिवस पेटीत राहून पेटीसारखाच ऊबदार झाला होता.

"ऱ्हाऊ द्या वन्सं. तिला नाव हाय."

"कुणी ठेवलं?"

"मीच. तुमी न्हाई म्हटल्यावर. तीन दिवस त्याच नावानं बोलत होते. वळखत होती. म्हटलं की बोटं हलवायची."

"काय ठेवलंस?"

ती मांडीकडे बघत राहिली. रागावली नव्हती. रागावली असती तर दोन्ही भाषा एकदम आल्या असत्या.

"ते तिचं आणि माझं," ती म्हणाली.

चार वाजता पुरुषमंडळी तिला पोचवून आली. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. भावानं मला विचारून बघितलं, पुढे भरता येतं म्हणतात, काय भरू? मी म्हटलं, तिच्या आईला विचार. त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली. त्यालाही तिनं सांगितलेलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. ते पुस्तक मी परत कपाटात लावलं. कुणी त्यातली हसरी बाई मागायला आलं तर नाही म्हणणार नाही, पण मी होऊन सुचवत नाही. आत्या म्हणून मला एकच नाव ठेवायचं होतं आणि ते मी जपून ठेवता ठेवता ठेवलंच नाही.

मागच्या महिन्यात भावाकडे गेले होते. दार उघडंच होतं. आत भावजय उखळात शेंगाचटणी कुटत होती, पाठ माझ्याकडे. कुटता कुटता कुणाशी तरी कानडीत हळू बोलत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुसळाचा ठोका पडला की बोलणं बुडायचं, मुसळ उचललं की वर यायचं. माझ्या कानांबद्दल सगळ्या सोलापूरला माहीत आहे, शेजारच्या गल्लीत फोडणीला मोहरी कमी पडली तरी मला ऐकू येतं. आणखी दोन पावलं पुढे गेले असते तर ते नाव मला मिळालं असतं.

मी उंबऱ्याबाहेर आले, चपला पुन्हा पायात घातल्या, दाराची कडी खडखडा वाजवली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "कोण आहे का गं घरात?"