निघायच्या तयारीत

आमच्या घरी निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. एकदा वडिलांचा जेवणाचा डबा ओट्यावर राहिला. तो सगळ्यांना दिसत होता, पण ते कोपऱ्यावरून बसस्टॉपकडे वळेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. कॉलेजात शिकवणारा माणूस दिवसभर उपाशी राहिला आणि आम्ही हसलो. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी आम्ही मराठी मंडळी. भाषा अर्धीमुर्धी विसरलो असू, पण असल्या गोष्टी जिवापाड जपल्या.

मी कर्करोगावर संशोधन करायची. स्तनातल्या गाठीच्या पेशी वजनरहित अवस्थेत कशा वाढतात, हे पाहायला एक प्रयोग अंतराळात न्यायचा ठरला. प्रयोगाबरोबर संशोधकही पाठवावा, असं वरच्यांच्या डोक्यात आलं. मी अर्ज केला, गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ओकले, समुद्रात तरंगत्या यानाच्या कुपीतून बाहेर पडायला शिकले, आणि निवडले गेले. राखीव म्हणून. म्हणजे जाणारीला ऐनवेळी साधी सर्दी झाली, तर मी. आणि ती बाई कधी साधी शिंकलीसुद्धा नाही.

गल्लीला हा फरक कळणार नव्हता. कोपऱ्यावर माझ्या हेल्मेटातल्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स लागला. उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं आणि फ्लेक्सवरचं माझं नाक उन्हानं पांढरं पडलं. भाजीवाली अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, विचारायची की बहीण जाऊन आली का. मी दूर तळावर सामान बांधून बसलेली. जाणारी एक ना एक दिवस जाते आणि सुटते. राखीव माणूस कायम निघायच्या तयारीतच असतो.

त्यातच आमच्या आईच्या, अम्माच्या, काखेजवळ गाठ हाताला लागली. मला कळवायचं नाही, अशी तिनं अण्णाला शपथ घातली. मला फोनवर पावसाच्या, सांबाराच्या, गेलेल्या लाईटच्या बातम्या मिळत राहिल्या. तिरुवैयारूच्या मावशीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. गाठींवर आयुष्य घालवलेल्या मुलीला तेवढं ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गाठीचा तुकडा तपासायला पाठवू. अम्मानं तेही टाळलं, कारण रिपोर्ट आला तर अण्णाच्या तोंडून निसटेल अशी तिला भीती होती.

शेवटी यान त्या बाईला घेऊन गेलं. मी नियंत्रण कक्षात टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. अम्मा पाठदुखीनं खाटेला खिळली होती. अण्णानं नुकत्याच काढलेल्या स्कॅनचं पाकीट पुढं केलं. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. रोग मणक्यात उतरला होता.

मी अण्णावर ओरडले. त्यानं मान वर केली नाही.

"तू निघायला बसलीस की. सांगू नोको मणून अम्माच मणाली."

मला त्याचा राग आला, अम्माचा आला, आणि सगळ्यात जास्त ज्यांनी मला राखीव ठेवलं त्यांचा. धड पाठवलं नाही, धड घरीही येऊ दिलं नाही. मागून हाक न मारायच्या आमच्या रीतीला मी पुन्हा कधी हसले नाही.

अम्मानं मला जवळ बसवलं आणि काय दिसलं ते विचारलं. तिच्याशी खोटं बोलायची माझी तरी तयारी नव्हती.

"उशीर झाला, अम्मा."

तिनं माझा हात थोपटला. "तुला तर निघायला उशीर झाला नाही की?"

मी नाही म्हणाले. कुठं गेलेच नव्हते, तर मला उशीर होणार कसा.