माझ्याकडे सात होता

लेकीने आज साफ करायला कॉम्प्युटर उघडला, तेव्हा आतली बिस्किटाएवढी चिप मला दाखवली. म्हणाली, "आई, हिला फारसं काही येत नाही. गुणाकार आणि बेरजा तेवढ्या येतात. पण हजारो गणितं एकदम करते, म्हणून काम झटपट होतं."

मला चौथीचा वर्ग आठवला. आम्ही आठ मुली होतो. बाईंनी दोनपासून नऊपर्यंतचा एकेक आकडा एकेकीला दिला होता. बाई फळ्यावर मोठा गुणाकार मांडायच्या, आम्ही वरच्या संख्येला आपापल्या आकड्याने एकदमच पाटीवर गुणायचो आणि शेवटची बेरीज तेवढी बाई करायच्या. माझ्याकडे सात होता. मला वर्गात बोलायची लाज वाटे, पण इथे बोलावं लागत नसे, पाटी उंच धरली की झालं. मी आले नाही तर सातापाशी गणित अडायचं.

हे सांगितल्यावर लेक हसली. "म्हणजे तू चिपच होतीस की गं."

पाचवीची शाळा परगावी होती, म्हणून मला घरीच ठेवलं. माझ्यानंतर सात कुणाला दिला, हे बाईंना विचारायचं राहूनच गेलं.