दगडाच्या कानात

“मला विचारलं होतं का?”

काकूंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या आणि समोर आगीचे चार बंब होते. खरं तर एकच होता. पण काकूंच्या आवाजापुढे तो चार बंबांइतका घाबरलेला दिसत होता, म्हणून चार.

झालं एवढंच होतं, की मोहरी तडतडली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलला. अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावात, जपून फोडणी द्यावी लागते, हे मुलगा आईला सांगायला विसरला होता. सहा फुटी फायरमन काकूंना इंग्रजीत समजावत होता आणि काकू त्याला मराठीत. “माझ्या डोक्यावर भोंगा टांगताना मला विचारलं होतं का?” तो बिचारा म्हणाला, “नो, मॅम.” या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माझ्या माहितीतला तो पहिला पुरुष.

माझ्या टीममधल्या, शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या पुण्याच्या मित्राची ही आई. सहा महिन्यांसाठी आलेली. बरोबर काका. काका दिवसाला तीन शब्द बोलत आणि त्यांतले दोन ‘हो’ असत. काकू उरलेल्या सगळ्या जगाशी भांडत. मार्चमध्ये इथली सगळी घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केली, तेव्हा त्यांनी आठवडाभर स्वयंपाक जुन्याच वेळेवर केला. “माझा तास काढून घेताना मला विचारलं होतं का?”

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. तिच्या रागाला तुम्ही हसला असाल. मीही हसायचो.

एका शनिवारी मित्राचं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. “यार, आईबाबांना कुठेतरी फिरवून आण,” तो म्हणाला. “तिने डिशवॉशरशी अबोला धरलाय.” मी रस्त्याचे प्रिंटआउट काढले आणि दोघांना गाडीत घातलं. “जुनं चर्च आहे, काकू. दोन तासांवर.” हे अर्धंच खरं होतं. चर्च गावाच्या जुन्या दफनभूमीवर बांधलेलं होतं. थडगी हलवलीच नव्हती, वरून फरशी टाकली होती. आता जिने उतरून लोक ती पाहायला जात. हे सांगितलं असतं तर काकू गाडीत बसल्याच नसत्या.

खाली उतरल्या आणि त्यांना कळलं. ठेंगणं छत, विटांचे खांब, मधे दाटीवाटीने उभे काळे दगड. काकूंनी पायातले स्नीकर्स काढून हातात घेतले.

“स्मशानात आणलंस मला? बायका जातात का रे तिथे? मला विचारलं होतंस का?”

काका शेवटच्या पायरीवर कठडा धरून थांबले. “मी इथेच बरा,” म्हणाले. त्या दिवशीचा कोटा त्यांनी एका दमात संपवला.

गाइड म्हणजे टॉर्च घेतलेला एक उंच, आनंदी म्हातारा. एका थडग्याजवळ तो म्हणाला, हे गृहस्थ तीन बायकांच्या मधे झोपलेत, घोरायची हिंमत नाही. लोक हसले. मग त्याने टॉर्च एका वीतभर दगडावर नेला. “आमची सगळ्यात लहान भाडेकरू. रडण्याची एकही तक्रार नाही.” लोक पुन्हा हसले.

“काय म्हणाला? का हसले?” काकूंनी मला विचारलं. मी काहीतरी थाप मारणार होतो, पण त्यांनी माझं मनगट धरलं. “काय लिहिलंय त्यावर?”

“अबिगेल. अमक्याची मुलगी. वय नऊ दिवस.”

“नऊ दिवसांच्या पोरीला नाव?”

मी मान डोलावली.

काकू वळल्या त्या थेट पायरीवरच्या काकांकडे. “ऐकलंत? नऊ दिवस. आपली अकरा दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते मी. सकाळी गेली ती. माझ्या मांडीवरून उचललीत आणि चार जण घेऊन गेलात. आपल्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, तेवढं मला माहीत होतं. कुठे, ते अडतीस वर्षं विचारतेय. नदीकाठी, म्हणता. नदीकाठ केवढा असतो? आज सांगा. कुठे ठेवलीत?”

गाइडने टॉर्च खाली केला. त्याला मराठी येत नव्हतं, पण हसू गेलं होतं.

काका कठड्याशी बोलले. “मला माहीत नाही. मी स्मशानाच्या फाटकाशी थांबलो. आत गेलो नाही. माझ्याने… शेजारच्यांच्या हातात दिली तिला.”

मला वाटलं, छत कोसळणार. काकू ओरडल्याच नाहीत. त्यांचा खरा राग इतका हळू असतो हे मला माहीत नव्हतं.

“बाप फाटकाशी,” त्या म्हणाल्या. “आणि आई घरात. त्या हरभऱ्यांचं काय झालं, तेही कुणी मला सांगितलं नाही.”

काका ती पायरी उतरले. मोजे घातलेले, बूट हातात. “काय नाव ठेवणार होतीस?”

“आत्ता विचारताय.”

काकूंनी पाठ फिरवली आणि अबिगेलच्या दगडाशी गुडघे टेकले. आत्या बारशाला बाळाच्या कानाशी वाकते तशा वाकल्या, हाताचा आडोसा केला आणि काहीतरी म्हणाल्या. मी दोन हातांवर होतो. ओठ हलले ते दिसले, आवाज आला नाही. दगडांना हात लावायची मनाई होती. गाइड पुढे झाला, थांबला, आणि त्याने टॉर्च दुसरीकडे वळवला.

घरी पोचताच काकूंनी आम्हा दोघांना डोक्यावरून अंघोळ करायला पिटाळलं. “आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी कशाला? मी बारशाला गेले होते.”

दोन वर्षांनी पुण्यात काकू वारल्या. महिन्याभराने काकांचा फोन आला, आयुष्यातला पहिलाच.

“तू जवळ होतास,” ते म्हणाले. “काय नाव घेतलं रे तिने?”

एका बंबाचे चार करणारा माणूस मी. एक नाव रचायला मला कितीसा वेळ लागला असता? सुमन, कुमुद, काहीही चाललं असतं, म्हातारा सुखाने झोपला असता. जिभेवर आलंही होतं. पण मला वाटलं, कुठूनतरी आत्ता तो आवाज येईल: मला विचारलं होतंस का?

“ऐकू आलं नाही, काका.”



“रोज विचारायचो,” ते म्हणाले. “रोज सकाळी, चहा देताना. ‘आत्ता विचारताय,’ म्हणायची, आणि कप घ्यायची.”