मगनशेठच्या पायरीवरचे माझे धरणे

तुम्ही आत आल्यापासून आमच्या ह्यांच्या धोतराकडे पाहत आहात आणि हसू दाबत आहात, हे मला कळत नाही असे समजू नका. तीस वर्षे शेवटच्या बाकावरचे हसू ओळखण्यात गेली आहेत माझी! त्या धोतराचे उत्तर मिळेल. पण त्यासाठी आधी माझ्या फजितीची गोष्ट ऐकावी लागेल. चहा मात्र निवू देऊ नका. निवलेला चहा आणि अर्धवट सोडलेले वाक्य, ही दोन्ही मला सहन होत नाहीत.

तर ऐका. मी तेव्हा नंदुरबारला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, परंतु हंगामी. कायम झाल्याचा हुकूम यायचा होता. दिवस चळवळीचे. सरकारी शिक्षकाने मिरवणुकीकडे नुसते वळून पाहिले, तरी नोकरी जाईल अशी तंबी मिळालेली. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. घरातली एकुलती एक चूल, तीही सरकारच्या पगारावर पेटणारी!

आणि नणंद कशी मिळावी? गोदूताई! म्हसावदला दिलेली, सूत कातणारी, प्रभातफेऱ्या काढणारी. भेटली की टोमणा ठरलेला. "काय वहिनी, आज श्वास घ्यायला सरकारची मंजुरी आली का?" तिने एकदा मला खादीचे लुगडे आणून दिले. गोणपाटाचे सख्खे भावंड! मी ते ट्रंकेच्या तळाशी घातले. ते नेसून शाळेत जाणे म्हणजे राजीनामाच अंगाला गुंडाळून जाणे.

शाळेचा बक्षीस समारंभ जवळ आला, तेव्हा पोलक्यासाठी कापड घ्यायला मी मगनशेठच्या दुकानी गेले. काय ते स्वागत! शेठजी स्वतः उठून उभे. "आवो बेन, आवो! गादीवर बसो!" लगेच पाणी, मागोमाग चहा. माशी बसू नये म्हणून त्यांचा गुमास्ता सुपडू माझ्यावर पंखा हलवीत उभा! आणि समोर उलगडली ती डाळिंबी रंगाची विलायती वायल. मोह पडला. का खोटे बोलू?

"रंग जाणार नाही ना?" मी विचारले.

शेठजींनी कानाला हात लावला. "बेन, मी जाईन, तुम्ही जाल, पण हा रंग नाय जाणार!"

शिवण्याआधी कापड पाण्यातून काढावे, ही माझी शिस्त. दुसऱ्या दिवशी सुटीचा वार होता. मी घरातले एकूण एक धुणे घंगाळात घातले आणि त्यातच ती वायल सोडली. आमचे हे म्हणाले, "अगं, ते वेगळं भिजव."

"शेठजींनी शब्द दिला आहे," मी म्हटले.

तासाभराने येऊन पाहते तो काय! घंगाळात डाळिंबाचा रस! त्यात माझी सर्व लुगडी, ह्यांची सर्व धोतरे, उशांचे अभ्रे, झाडून सारे गुलाबी! बक्षिसे द्यायला येणाऱ्या साहेबांसाठी ठेवलेला मेजावरचा पांढरा रुमालसुद्धा! आणि ती वायल? ती मात्र आजारी माणसासारखी फिकी पडलेली.

माझा संताप अनावर झाला. त्याच पावली बाजारात जायचे ठरवले. परंतु नेसायचे काय? अंगावरचे लुगडे धुण्याने भिजलेले, बाकीची गुलाबी. ट्रंकेच्या तळाशी एकच कोरडे वस्त्र शिल्लक होते. कोणते, ते सांगायला हवे का?

घाईत ते नेसले. वायलीचे गाठोडे बांधले आणि निघाले. रागात माणसाला आपण काय नेसलो आहोत याचे भान राहत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

दुकानी पोहोचले. आज गादी नाही, पाणी नाही, पंखा नाही. शेठजींनी माझ्या हातातले गाठोडे पाहिले आणि जणू मी काचेची आहे अशा थाटात माझ्या पलीकडे पाहू लागले. सुपडू पुढे आला.

"बाई, एकदाव इकेल माल आम्ही परत लेतस नही."

"परंतु रंग गेला आहे! हे पाहा तरी!"

"शेठ कामात शेत. तठे बठा, पायरीवर."

पायरीवर! ज्या बाईला काल पंख्याने वारा घातला, तिला आज पायरी! मी माझ्या वर्गातल्या आवाजात ठणकावले, "ठीक आहे! हा माल परत जाईपर्यंत मी या पायरीवरून हलणार नाही!" आणि गाठोडे मांडीवर घेऊन ताठ बसले.

माझा वर्गातला आवाज पलीकडच्या आळीत पोहोचतो. त्या दिवशीही पोहोचला असावा.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आले, मला पाहून थबकले आणि हात जोडून गेले. मला वाटले, कोणा विद्यार्थिनीचे वडील. मग लग्नाचा बस्ता बांधायला एक भरगच्च कुटुंब बैलगाडीतून उतरले. मला पाहताच पुन्हा गाडीत चढले! मनात म्हटले, वा! शेठजींच्या मालाची कीर्ती बरीच दूर गेलेली दिसते.

तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "अरे, मास्तरीणबाई धरनं धरी बठनी शे!"

"एकली बठनी? चाला रे, आपन बी बठूत!"

पाहता पाहता पायरी भरली, मग रस्ता भरला. तुम्हाला सांगते, माझे मन भरून आले. इतक्या लोकांच्या कापडाचा रंग गेला? किती जणांना बुडवले आहे या माणसाने! शेजारी एक म्हातारेबाबा बसले होते. मी सहानुभूतीने विचारले, "बाबा, तुमचीही फसवणूक झाली का हो?"

"हाव बाई! दीडशे वरीस व्हयनात, लुटीच ऱ्हायनात!"

दीडशे वर्षे? मगनशेठचे दुकान तर माझ्या डोळ्यांदेखत निघाले होते! म्हाताऱ्याला भ्रम झाला असावा, असे मी ठरवले. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही, ही माझ्या बुद्धीची तारीफ!

प्रकाश पडला तो कोपऱ्यावरून 'वंदे मातरम्'चा गजर आला तेव्हा. मिरवणूक! आणि सर्वांच्या पुढे झेंडा घेऊन, दुसरी कोण, म्हसावदहून आलेली गोदूताई! तिने मला पाहिले. माझ्या लुगड्याकडे पाहिले. दुकानाच्या पाटीकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी तरारले.

"वहिनी! तुम्ही! विलायती कापडाच्या दुकानावर धरणं! आणि मी मेली तुम्हाला काय काय बोलले!" तिने मला मिठी मारली आणि आपल्या गळ्यातला झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. खरे बोलावे, तर 'मी विलायती कापड विकत घेतले, ते पसंतीस उतरले नाही म्हणून बसले आहे,' असे गोदूताईच्या अश्रूंदेखत सांगावे लागणार. गप्प बसावे, तर नोकरी जाणार! त्या बाजूने मगनशेठ हात जोडून धावत आलेले. "बेन, चूक झाली! आत चला, गादीवर बसो! सुपडू, चहा! पंखा!" आणि लोक ओरडतात, "नका उठू बाई! नका उठू!"

इतक्यात जमादार आले. गर्दी फाटली. त्यांनी मला पाहिले आणि चांगलेच चमकले, कारण त्यांची लेक माझ्याच शाळेत होती.

"बाई, आपण? सरकारी शाळेच्या बाई धरण्याला? मला वर कळवावं लागेल."

कायमपणाचा हुकूम, चूल, ह्यांची कचेरी, सारे डोळ्यांपुढे तरळले. जमादार शेठजींकडे वळले. "द्या फिर्याद. ह्या इथं काय करताहेत?"

शेठजींनी एकदा जमादारांच्या दंडुक्याकडे पाहिले, एकदा त्या शेकडो डोळ्यांकडे पाहिले. फिर्याद दिली तर दुकानात पुन्हा गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे त्यांना कळून चुकले. ते काकुळतीने म्हणाले, "फिर्याद कशाची, जमादारसाहेब? बेन आमच्या गिऱ्हाईक! कालच वायल घेतली, रंग गेला, ती परत द्यायला आल्यात!"

उभ्या आयुष्यात शेठजी गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरे बोलले ते त्या एका दिवशी. आणि कोणाचाही विश्वास बसला नाही! सारा बाजार खदखदून हसला.

"वा शेठ! काय बहाना काढा!"

"बाईनी नोकरी वाचाडी! मगनशेठ की जय!"

जमादारांनी मला विचारले, "हे खरं आहे का, बाई?"

"अक्षरशः खरे आहे!" मी म्हणाले. माझ्या तोंडून असत्य निघत नाही, हे गावाला माहीत होते. तरीही गाव हसलेच! गोदूताईने तर मला हळूच चिमटा काढला. "काय बेमालूम बोलता हो, वहिनी!"

जमादारांनी मिशीत हसून सलाम ठोकला. "मग गिऱ्हाईकच. आम्ही काही पाहिलं नाही." आणि ते गेले.

सुटले, असे म्हणणार तोच गोदूताईची नजर गाठोड्यावर गेली. तिने ते उचकटले. "पाहा, पाहा! वहिनींनी घरातलं विलायतीसुद्धा होळीसाठी आणलंय!" आणि माझ्या हातून ते गेले ते थेट चौकात पेटवलेल्या विलायती कापडांच्या होळीत! वायल काय भडकन पेटली! रंग नव्हता, पण जळायला चोख होती.

लोक पांगल्यावर शेठजी कानाशी येऊन म्हणाले, "बेन, आता परत घ्यायला मालच नाय उरला ना?"

मी गळ्यातला हार सावरत घरी आले. दारात आमचे हे गुलाबी धोतरात उभे. मागोमाग आलेल्या गोदूताईने भावाच्या धोतराकडे पाहिले, दोरीवरच्या गुलाबी धुण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसली. पण बाई मनाची मोठी! बाहेर शब्द काढला नाही. मात्र तेव्हापासून दर दिवाळीला खादीचे लुगडे येते, आणि मी ते मुकाट्याने नेसते.

मला कायमपणाचा हुकूम आला. पुढे स्वराज्यही आले. मगनशेठच्या दुकानावर आता 'शुद्ध खादी' अशी पाटी आहे. गेल्या महिन्यात गावाने माझा सत्कार केला. 'पायरीवर बसलेल्या बाई' म्हणून! केशरी शाल कोणी दिली असेल? मगनशेठनी. शाल पांघरताना चारचौघांत म्हणाले, "बेन, या वेळेला रंग एकदम पक्का!"

काल धुणे काढले. आमचे हे म्हणाले, "अगं, ती शाल वेगळी भिजव."

"शेठजींनी चारचौघांत शब्द दिला आहे," मी म्हटले.

तेव्हा आता पाहा खुशाल त्या धोतराकडे. संन्यास वगैरे काही घेतलेला नाही त्यांनी. शाल परत करायला दुकानी जाण्याची त्यांच्या बायकोची छाती नाही, इतकेच!