बारा वर्षांचा गुडघा

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्या बाबांनी सहज सांगितलं, की तुमच्याकडच्या विमा कंपनीने कसलासा कागद नाकारून परत पाठवला आहे. "नाही म्हणाले, आता काय करणार," एवढं बोलून त्यांनी विषय तुमच्या पोहण्याच्या क्लासवर नेला. मला फोनवर नीट बोलता येत नाही, लिहिताना येतं. आपल्या घरातही एकदा असंच 'नाही' आलं होतं. ते आम्ही दोघींनी कसं परतवलं, हे तुम्हाला आणि तुमच्या बाबांनाही ठाऊक असावं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि शहागडची तुमची धाकटी आजी, माझी जाऊ. तिचे यजमान गेल्यापासून बागेतली मोसंबी ती स्वतः हायवेच्या कडेला मांडून विकते. मी जालन्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत आयुष्य काढलं, त्यामुळे घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. तिचा आरोग्य विमा मीच आग्रहाने काढायला लावला. फॉर्म मीच भरला, एकही रकाना मोकळा न ठेवता. कंपनीच्या डॉक्टरने तिला तपासलं, तेव्हाही मी सोबत होते.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी तिचा उजवा गुडघा इतका बिघडला की तो बदलावा लागेल असं जालन्याच्या सर्जननी सांगितलं. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. तिने कानातली काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आणि त्याच वेळी काउंटरवरच्या मुलीने आम्हाला बोलावलं. कंपनीचा नकार आला होता. गुडघेदुखी बारा वर्षांपासूनची आहे आणि विमा घेताना ती लपवली, असं त्यात लिहिलं होतं.

"चला आक्का," जाऊ म्हणाली, "आजचा माल तरी विकंल."

पण दवाखान्याच्या सात पायऱ्या ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. शेवटच्या पायरीवर माझा दंड तिने इतका घट्ट धरला की वळ उठला. ऑपरेशन झालं नाही तर ही बाई वर्षभरात खाटेला खिळणार, हे मला तिथेच कळलं. आणखी एक गोष्ट मला टोचत होती. फॉर्म माझ्या हातचा होता. लपवलं म्हणजे मी लपवलं.

त्या रागात मी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. इंग्रजी उत्तम होतं, पण पत्र वाईट होतं. माझी नोकरी, माझी सचोटी, जावेचे कष्ट, सगळं त्यात होतं. मुद्दा मात्र कुठेच नव्हता. उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय कायम.

मग तो पहिला नकार मी लाल पेन घेऊन पुन्हा वाचला, वर्गातल्या मुलीचा पेपर वाचावा तसा. प्रत्येक विधानाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं : कशावरून? बारा वर्षांपाशी आले आणि थांबले. हा आकडा यांना कुणी दिला? मग मी दुसरं पत्र पाठवलं, तीन ओळींचं. ज्या कागदाच्या आधारे नकार दिला त्याची प्रत पाठवा.

प्रत आली. सर्जनकडे जाण्याआधी जाऊ एकटीच एसटीने एका हाडांच्या डॉक्टरकडे गेली होती, तिथला तो केसपेपर, सर्जनकडच्या कागदांसोबत कंपनीकडे गेलेला. काउंटरवर ती सांगेल तसं कुणीतरी घाईघाईने लिहून घेतलेलं होतं. उजवा गुडघा, बारा वर्षं. मी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा नजर वरच्या ओळीवर गेली, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी शहागडची गाडी पकडली.

ती पालथ्या क्रेटवर पाय पसरून बसली होती.

"बारा वर्षं कुठून आणलीस गं?"

"मंग काय सांगावं? आत्ताच दुखून राह्यलं म्हणलं असतं, तर गोळी देऊन वापस धाडलं असतं. जुनं दुखणं म्हणलं की डाक्टर हात लावून बघतो. सगळेच वाढवून सांगतेत, आक्का. तुम्हीच एकल्या बराबर मोजून सांगता."

"आणि वय? ऐंशी लिहिलंय इथे. तू सहासष्टची."

"म्हातारीचा नंबर जल्दी लागतो."

मी भर रस्त्यात इतकी हसले की एक ट्रकवाला मोसंबी घेता घेता थांबला. पण आता तिची सही हवी होती. डॉक्टरला खरं सांगितलं नव्हतं, असं तिने लिहून द्यायला हवं होतं. ते ऐकून तिचं तोंडच उतरलं.

"मी खोटारडी हाय म्हणून लिहून देऊ? बिलकुल न्हाई. गुडघा राहू द्या तसाच."

"खोटं नाही लिहीत. वाढवून सांगितलं, असं लिहिते."

तिने एक मोसंबी उचलली, पुसली, परत ढिगावर ठेवली. "वाढवून लिहा. खोटं लिहिलं तर सही न्हाई."

"आणि ती तपासणी आठवते? कंपनीच्या डॉक्टरची?"

"न आठवाया काय झालं? उकिडवं बसा म्हणला. बसले, उठले. तोच म्हणला, मावशी, माझ्यापरीस बरं बसता."

तो अहवाल माझ्या निळ्या फाइलमध्ये होता. गुडघे ठीक, असं कंपनीच्याच डॉक्टरच्या सहीने लिहिलेलं. तो, केसपेपर आणि जावेचं निवेदन जोडून मी विमा लोकपालांकडे तक्रार केली. या वेळी एक पान.

सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्या जालन्याच्या पुढच्या खोलीत. जाऊ लग्नाला नेसावी तशी काठाची साडी नेसून आली होती. पडद्यावर एक अधिकारी बाई आणि कंपनीचा एक तरुण माणूस. त्याने बारा वर्षांची ओळ वाचून दाखवली.

मी म्हणाले, "कृपया तिच्या वरची ओळही वाचा."

त्याने वरची ओळ शोधली. मग हळूच म्हणाला, "वय ऐंशी."

"तुमच्या पॉलिसीवरून आज वय किती होतं?"

"सहासष्ट."

"दोन्ही आकडे एकाच बाईने एकाच वेळी सांगितले. त्यातला वयाचा तुम्ही मानत नाही, मग दुखण्याचा का मानता? आणि तुमच्याच डॉक्टरचा अहवाल का मानत नाही?"

तो कागद उलटत राहिला. अधिकारी बाईंनी जावेला विचारलं, "मावशी, खरं किती दिवसांपासून दुखतंय?"

"खरं म्हंजे खरंखरं?"

"हो."

"गेल्या साली गौरी जेवल्या, तव्हा मी खाली बसून पाट्यावर पुरण वाटलं. दिवाळीला बसले तर उठता येईना. तव्हापासून."

"आणि वय?"

"सासष्ट. कागदावरच लिव्हलंय की."

त्या बाई हसल्या. कंपनीचा माणूसही हसला, मग त्याने चेहरा सावरला.

काही आठवड्यांनी निकाल आला. आजार लपवल्याचं सिद्ध होत नाही, ऑपरेशनचा खर्च कंपनीने करावा. मी तो जावेला फोनवर मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचला. मग पलीकडून तिचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या साऱ्यांना ती ओरडून सांगत होती, "आमच्या आक्कानं कंपनी हारवली!"

ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. जावेने आधी माझ्याकडे बघितलं. "सासष्ट," ती म्हणाली. आमचा नंबर नववा लागला. तासभर ती मला ऐकवत होती, "ऐंशी सांगितलं असतं तर आत्तापर्यंत टाके पडले असते."

पुढे तीन महिन्यांनी मी शहागडला गेले, तर ती मला गोदावरीच्या घाटावर घेऊन गेली. एकेका पायरीवर एकेक पाय टाकत ती उतरली, माझा दंड न धरता. चढताना धाप मला लागली. ती वर पोचून कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत होती.

तुमच्या बाबांना सांगा, कंपनीकडून आधी कागदांच्या प्रती मागवा. त्या नीट वाचा. राग आला असेल तर पत्र दुसऱ्या दिवशी लिहा.

धाकटी आजी अजून हायवेवर बसते, फक्त आता खुर्चीवर. खाली बसू नको असं सर्जननी सांगितलंय, ते ती पाळते. निळी फाइल माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. केसपेपर, अहवाल, निवेदन आणि निकाल, चारही कागद तिच्यात आहेत.