दुपट्ट्याखालचा मामा

माझ्या मामानं आयुष्यात कुठलीही किंमत तोंडानं सांगितली नाही. मलकापूरच्या बैलबाजारात तो दलाल होता आणि तिथं भाव बोलायचा नसतो, दाबायचा असतो. विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा कळवायचा. मग तसंच घेणाऱ्याशी. भोवतीच्या लोकांना दोन गंभीर चेहरे तेवढे दिसतात. ही सवय इतकी मुरली होती की घरी भाजी कितीची आणली विचारलं तरी मामा मामीचा हात शोधायचा. मामी म्हणायची, "नवी नवरी होती तवा लाजत होती मी. मंग समजलं, टमाट्याचा भाव सांगून राह्यले."

मला ही विद्या आली नाही. कॉलेजात असताना एकदा मामानं मला एका शेतकऱ्यापुढे बसवलं, "मी आलोच, हात सोडू नको" म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. शेतकऱ्यानं दुपट्ट्याखाली माझी बोटं दाबली. मला वाटलं, बिचाऱ्याला बैल विकताना भरून आलंय. मीही आपुलकीनं त्याचा अख्खा पंजा घट्ट दाबला. मामा परत येईस्तोवर भलत्याच चढ्या भावाला सौदा पक्का झाला होता. शब्द दिला गेला म्हणून ती बैलजोडी मामानं स्वतः घेतली आणि वर्षभर पोसली. मला इतकंच म्हणाला, "भाचेबुवा, तुम्ही आपली नोकरीच करा." मी केली. बुलढाण्याला एका कचेरीत अजून करतोय.

पुढे काचबिंदूनं मामाची नजर बरीचशी नेली. बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला नजर लागत नव्हती, पण फोनवरचे आकडे दिसेनात. गिऱ्हाइकांचे मेसेज तसेच पडून राहू लागले. मामीनं सरळ सांगितलं, आता घरी बसा. मामानं मला बोलावून घेतलं आणि पहिल्यांदाच तोंडानं काहीतरी मागितलं. "बाजार सुटला त मी कायले उरलो बे? काही तरी कर."

मी कचेरीत 'फोनमधला जाणकार' समजला जातो, कारण बाकीचे माझ्याहून म्हातारे आहेत. मी मामाला दुकानात नेलं. दुकानदारानं धंदेवाल्यांसाठीचा खास नवा फोन काढला. याला बोट लावायची गरजच नाही, म्हणाला, तुम्ही बोला, तो करतो. मामानं फोन हातात घेऊन जोखला आणि विचारलं, "आन न बोलता काय करते?" दुकानदार हसला. मीही हसलो. त्या दोन हसणाऱ्यांत शहाणा कोणीच नव्हता.

पैसे मीच भरले, मामाला आकडा कळू न देता. फोन चांगला होता, हेच वाईट झालं. 'अंबादासला फोन लाव' म्हटलं की तो बिनचूक लावायचा. पण त्याला ते मोठ्यानं सांगावं लागे, आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत अंबादासला बैल हवेत हे अर्ध्या बाजाराला कळलेलं असे. मामा कुजबुजून पाहायचा, तर फोन नम्रपणे 'पुन्हा सांगा' म्हणायचा. शेवटी मामा फोन घेऊन कुंपणापलीकडे बाभळीआड जायला लागला. बाजारातले लोक विचारायचे, मामाचं पोट बिघडलं काय?

एके दिवशी मी सोबत होतो. गणपतराव म्हणून एकाची देखणी जोडी होती. घ्यायची होती याच अंबादासला. तो लांब चहाच्या टपरीवर काही घेणंदेणं नसल्यासारखा उभा होता. मामानं गणपतरावाचा हात धरला, दुपट्टा टाकला, डोळे मिटले. बोटं चालू झाली. तेवढ्यात मामाच्या खिशातून बाईचा स्वच्छ, सुशिक्षित आवाज आला. आलेला मेसेज लगेच वाचून दाखवायची सोय मीच मोठ्या हौसेनं करून दिली होती.

"अंबादास यांचा मेसेज. मामा, जोडी मनात भरली. त्यानं ताणलं त अजून पाच हजार चढतो. पण त्याले सांगू नका."

गणपतरावानं हळूच हात काढून घेतला. मग टपरीकडे पाहून हाक दिली, "ये बे अंबादास, कायले चोरून राह्यला?" अंबादास ओशाळून आला. दोघं उघड्यावर, भाजी घेतल्यासारखे बोलले आणि चहा थंड व्हायच्या आत सौदा करून मोकळे झाले. मामाची दलाली त्यांनी मुकाट्यानं दिली, हीच खरी चपराक. मामाचा हात अजून दुपट्ट्याखालीच होता.

ऑटोत मी समजूत घालू लागलो. आवाज बंद करता येतो, कानात घालायचं यंत्र मिळतं. मामानं दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

"फोनचं काही चुकलं नाही. खरं तेच बोलला तो," तो म्हणाला. "पण माह्या हातून सौदा झाला असता, त अंबादासनं घरी सांगतलं असतं, सस्त्यात आणली. गणपतनं सांगतलं असतं, महाग इकली. दोघायच्या घरी आज गोड शिजलं असतं. आता दोघायलेही खरं माहीत झालं. सांग, कोनाच्या घरी काय शिजन?"

मी कचेरीतला माणूस. खरं कळल्यावर कोणाचं काय शिजतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला मामा फोन घरी ठेवूनच गेला. दुपट्ट्याखाली तसंही कोणालाच काही दिसत नाही. तिथं नजर गेलेला आणि नजर असलेला सारखेच. ज्यांना गरज होती ते त्याला शोधत आले. फोन मामीला मिळाला. एवढ्या वर्षांनी घरात विचारलेल्याला उत्तर देणारं कोणीतरी आलं म्हणून ती खूश होती.

मामा शेवटपर्यंत बाजारात जात राहिला. तो वारला त्याच्या आधीच्या दिवाळीत मी मलकापूरला गेलो होतो. त्यानं सहज विचारलं, "तो फोन कितीले पडला रे तुले?" मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली. मामा खुलला. "सस्त्यात आणला बे," म्हणाला आणि मामीला शिरा टाकायला लावला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, की तोही निव्वळ दलालीच करत होता, हे मला अजून कळलेलं नाही. पण आमच्या दोघांत झालेला तेवढा एकच सौदा असा, की दोघंही खूश होऊन ताटावरून उठलो.