तारांशिवायचा रस्ता

माझी आत्या देजिद हिने पंचवीसेक वर्षं उलानबातर शहरात ट्रॉलीबस चालवली. तेवढ्या वर्षांत ती एकदाही रस्ता चुकली नाही. चुकायची सोयच नव्हती. वर दोन तारा, बसच्या टपावरून निघालेले दोन लांब दांडे त्या तारांना टेकलेले. तारा वळल्या की वळायचं, तारा संपल्या की फेरी संपली. एखाद्या चौकात दांडा तारेवरून निसटला की बस जागच्या जागी मुकी व्हायची. मग आत्या हातब्रेक ओढायची, जाड हातमोजे चढवायची, उतरून बसच्या मागे जायची आणि दोरी ओढून दांडा पुन्हा तारेला लावायची. हिवाळ्यात हे करताना पापण्या गोठून चिकटायच्या. तिचा उजवा खांदा त्यातच गेला.

निवृत्त झाल्यावर यंदाच्या वसंतात तिने गाडी घेतली. आमच्या शहरात दर दुसरी गाडी असते तशीच: जपानमध्ये कुणीतरी वापरून सोडलेली, उजवीकडे स्टिअरिंग असलेली हायब्रिड. पुढे भाडी मारीन, असं ती शेजाऱ्यांना सांगायची. पण घेतली होती आजोबांसाठी.

लुव्सान आजोबा शरद ऋतूत छातीच्या दुखण्याने शहरात आले ते आत्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात अडकले. छाती बरी झाली. माणूस मात्र वाळत चालला. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे, खालच्या गाड्यांकडे बघायचे, वाडग्यातला खारा दुधाचा चहा निवायचा आणि त्यावर साय धरायची. रात्री खोकायचे, आणि आत्या उठून उशी उंच करायची. मीही शिकायला म्हणून तिथेच राहत होते. भिंतीपलीकडून दोघांचं जागणं मला ऐकू यायचं. एप्रिल लागला तसं आजोबा एकच वाक्य बोलू लागले, "घोड्या व्यायल्या असतील."

माझे वडील चिमेद नदीपलीकडे आमच्या तळावर मेंढरं सांभाळतात. आत्याने त्यांना फोन करून सांगितलं, मी घेऊन येते.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? तारेखाली बस चालवणं वेगळं आणि इथवर येणं वेगळं. नदीचा बर्फ फुटायला लागलाय. जूनमध्ये मी ट्रक पाठवतो."

"मग जूनपर्यंत तू त्यांना फोनवरून जेवू घाल," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

जूनपर्यंत आजोबा टिकतील की नाही, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी आत्याने लहान पातेल्यातलं दूध चारी चाकांवर आणि आरशांवर शिंपडलं. आजोबा नवा देल, आमचा लांब अंगरखा, घालून, कमरेला पिवळा पट्टा गुंडाळून उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली पाहिलं.

"पाय आखूड आहेत हिचे," ते म्हणाले.

"शहरातली आहे, बाबा."

"चिखलात पोट घासेल."

"घासू दे. बसा."

आत्याने बटण दाबलं. आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी लांबलचक बोलली. तिला काय हवं असतं हे आमच्या शहरात बहुतेकांना माहीत नाही, रोज सकाळी ऐकतात मात्र सगळे. आजोबांनी टोपी किंचित उचलली. "बोलते आहे बाई. हो म्हण तिला."

"तिला कुणीच काही म्हणत नाही, बाबा."

"म्हणून तर रोज बोलत असेल."

गिअरची दांडी खेळण्यातल्यासारखी इवलीशी, ढकलली की आपोआप मधोमध परत यायची. आत्याला तिचा भरवसा वाटेना. दर वेळी ती हाताने चाचपून बघायची. मोटार चालू आहे की बंद, हेही कळत नव्हतं. गाडी नुसती सरकली, बर्फावरून घसरगाडी सरकावी तशी, आवाराच्या फाटकातून बाहेर. शेजारच्या बायकांनी आत्याला आधीच सांगून ठेवलं होतं की या गाडीचा आवाजच येत नाही, सुरुवातीला भीती वाटते. आत्याला ती भीती वाटली नाही. ट्रॉलीबसही अशीच तर चालायची. समोरच्या छोट्या पडद्यावर बाणांचं चित्र होतं: ब्रेकवर पाय ठेवला की चाकांकडून बॅटरीकडे बाण उलटे धावायचे. आत्या ते बघून पहिल्यांदा थोडी हसली.

"हे येतं मला," ती म्हणाली.

जे येत नव्हतं ते दुसरंच होतं. मोठ्या रस्त्यावर ती जुन्या सवयीने तारांखालून चालली. तारा डावीकडच्या पट्ट्यावर गेल्या की तीही डावीकडे. पुढे एक रखडत चाललेली बस होती, तिच्या मागे आम्ही कितीतरी वेळ रखडलो. ओलांडून पुढे जावं हे आत्याच्या मनातच येईना. शेवटच्या थांब्यापाशी तारा गोल वळून परत शहराकडे गेल्या. आत्याने गाडी हळू केली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. तिने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं, धुराने पिवळसर. मग तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि सरळ गेली.

शहराबाहेर ओलांडण्याचं काम आजोबांवर आलं. आम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतो आणि या गाड्यांचा चालकही उजवीकडेच बसतो, त्यामुळे पुढच्या ट्रकच्या आडून समोरचं काही दिसत नाही. डाव्या सीटवरच्या माणसाने मान बाहेर काढून सांगायचं. आजोबांना वाटीतला तांदूळ दिसत नाही, पण डोंगरावरची घोडी कुणाची ते दिसतं.

"जा."

"नक्की?"

"एक लाल गाडी येतेय, पण ती आत्ता कुठे गावातून निघालीय."

आत्या गेली. पहिल्यांदाच तिने आपण होऊन कुणाला तरी मागे टाकलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला. त्यानंतर बराच वेळ ती कुणाच्याच पुढे गेली नाही.

दुपारी खिंड लागली. चढावर इंजिन जागं झालं आणि मोठ्याने घोंगावू लागलं. पडद्यावरची बॅटरीची रेघ खाली खाली गेली. आत्या पुढे वाकून चालवत होती, जणू तिच्या वजनानेच गाडी वर जाणार होती. रात्रीची झोप नव्हती, खांदा धरला होता, आणि माझ्या वडिलांचे चुकवलेले दोन फोन पर्समध्ये वाजून गेले होते. खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास आहे, निळी वस्त्रं बांधलेली. उतरून तीन प्रदक्षिणा घालाव्यात इतका दम कुणात नव्हता. आत्याने तीन वेळा हॉर्न दिला आणि उताराला लागली.

उतार लागताच, या गाड्यांचं होतं तसं, इंजिन आपोआप बंद झालं. अचानक. नुसता वारा.

आत्याने ब्रेक दाबला. पार्किंगचा ब्रेक लावला. सीटमागून हातमोजे काढून चढवले. दार उघडून उतरली आणि गाडीच्या मागे गेली. मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात डोक्यावर उचलून, मान वर करून, आत्या हवेत काहीतरी शोधत होती.

"काय करतेय ती?" आजोबांनी विचारलं.

मी दार उघडायला हात पुढे केला.

मागून कोळशाचा ट्रक आला, करकचून थांबला. चालकाने काच खाली केली. "काय गं ताई, पतंग सुटला का हातातून?"

आत्याचे हात अजून वरच होते. तिने ते खाली घेतले. हातमोजे काढले, एक एक बोट ओढून.

"बंद पडली का गाडी?" चालकाने आता जरा नरमाईने विचारलं.

"नाही."

"मग बाजूला घे ना माझे आई. मागे सात टन आहेत."

आत्याने गाडी कडेला घेतली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आजोबांनी पट्ट्यातून सुकवलेल्या दह्याचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही.

"चिमेद खरं बोलत होता," ती म्हणाली. "मला हे जमायचं नाही, बाबा. मी परत फिरवते. जूनमध्ये ट्रक येईल."

आजोबा खाली पसरलेल्या माळाकडे बघत होते. बर्फ गेला होता, गवत अजून उगवलं नव्हतं. सगळं उंटाच्या पाठीसारखं तपकिरी.

"फिरव," ते म्हणाले. "दमली असशील तर फिरव. मी काही म्हणणार नाही."

रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मनगटाजवळ देलची बाही इतकी सैल झाली होती की आत दुसरा हात मावला असता. तिने दह्याचा तुकडा तोंडात टाकला, गालात धरला आणि ब्रेक सोडला. उतारावर गाडी आपोआप खाली जाऊ लागली, उलट्या बाणांनी बॅटरी भरत.

डांबर संपल्यावर वाटा फाकल्या. आजोबांनी हात करायचा तिकडे आत्या वळायची. दोन-तीनदा गाडीचं पोट दगडाला घासलं. आजोबा दर वेळी "अं" एवढंच म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही नदीवर पोहोचलो आणि थांबलो.

बर्फ काळा पडला होता. मधोमध फुटून पाणी वाहत होतं. पलीकडे आमचे दोन गेर, नमद्याचे गोल तंबू, त्यांच्या धुराड्यांतून धूर. अलीकडच्या काठावर माझी आई हान्द घोड्यावर बसून होती, हाताशी दुसरा घोडा, खोगीर चढवलेला.

"तुला कसं कळलं?" आत्याने उतरत विचारलं.

"पोरीने फोन केला खिंडीवरून. हिच्या वडिलांना नाही सांगितलं मी. वासरं बघून येते म्हटलं." आई आजोबांकडे वळली. "बरे आहात ना? वरच्या अंगाला उथळ आहे, तळाशी गोटे आहेत. घोड्याच्या गुडघ्याला लागतं, तेवढंच."

"मी यांना घोड्यावर घालून पाण्यात पाठवू?" आत्या म्हणाली. "दुखऱ्या छातीचं माणूस आहे, हान्द."

"मग परत ने."

आईने ते टोमण्याने म्हटलं नाही. दोनच गोष्टी होत्या, आणि त्या आत्यालाही दिसत होत्या. पर्समध्ये फोन वाजला. आत्याने या वेळी तो घेतला.

"कुठे आहेस?" माझ्या वडिलांचा आवाज मलाही ऐकू आला.

"तुझ्या दारात. बाहेर ये, दिसेन."

पलीकडे एक माणूस गेरमधून बाहेर आला. "ताई, त्यांना पाण्यात घालू नकोस. परत ने, मी तुझ्या पाया पडतो."

"बाबा," आत्याने फोन कानाला तसाच ठेवून विचारलं, "जायचंय?"

आजोबा आधीच गाडीतून उतरून घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. घोड्याने त्यांची बाही हुंगली. त्यांनी एक पाय रिकिबीकडे उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. तो तितका वर जाईना. आईने खांदा दिला, मी कमरेला धरलं, तरी नाही. शेवटी ते घोड्याला टेकून उभे राहिले, धापा टाकत. आपल्याकडे कुणी बघू नये असं त्यांना वाटत होतं, म्हणून आम्ही नदीकडे पाहिलं.

आत्या गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. ती आजोबांना परत न्यायला गाडी वळवणार.

पण गाडी सरळ आली, माणूस चालतो त्याहून सावकाश, आवाज न करता. रानातली घोडी इंजिनच्या आवाजाने बिथरतात. या घोड्याने नुसते कान फिरवले. आत्या डाव्या सीटकडे झुकून, तिकडच्या काचेतून बोट-बोट अंतर मोजत होती. डावं दार घोड्याच्या कुशीपासून हातभर लांब आलं तेव्हा तिने ब्रेक लावला, अगदी हळू, थांब्यावर म्हातारी माणसं चढत असताना लावायची तसा.

"दारातून चढा," ती म्हणाली. "उंबऱ्यावर उभे राहा आधी."

आजोबा गाडीच्या उंबऱ्यावर चढले. तिथून रिकीब अर्ध्या उंचीवर आली. एक हात टपावर, एक खोगिरावर. क्षणभर ते मधेच राहिले, ना गाडीत ना घोड्यावर, आणि आत्याने आतून त्यांच्या पाठीला तळहात लावला. मग ते वर होते.

वर गेल्यावर ते वेगळे दिसू लागले. लगाम कसा धरावा हे हात विसरले नव्हते. ते आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आई पुढे, ते मागे, दोन्ही घोडे पाण्यात शिरले. आत्या गाडीतून उतरून काठाशी आली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग थोडं वर. आत्याच्या हातातल्या फोनमधून वडिलांचा श्वास ऐकू येत होता. एकदा आजोबांचा घोडा गोट्यावर घसरला. आत्याने पायाखाली नसलेला ब्रेक दाबला.

मग घोडे पलीकडे निघाले, अंग झटकून. वडील काठावर धावत आले आणि लगाम धरायला हात पुढे केला. आजोबांनी घोडा त्यांच्या शेजारून काढला, गेरकडे नाही, वरच्या अंगाला, जिथे घोड्या असतात तिकडे.

"अहो, आधी चहा तरी प्या!" आई मागून ओरडली. आवाज पाण्यावरून स्वच्छ आला.

आजोबांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

"बघितलंस?" आत्या मला म्हणाली. "निघतो एवढंही नाही म्हणाले."

तिने फोन बंद केला. गाडीत बसून सीट मागे पाडली, उजवा खांदा हाताने दाबत जरा कुशीवर वळली आणि डोळे मिटले.

"थोडा वेळ," ती म्हणाली. "मग निघू."